व्हर्च्युअल मशीनची डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली आणि मशीन सुरूच होईना? आधी काय तपासायचं, काय अजिबात करायचं नाही

लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झालीये. शोधाशोध केल्यावर कळतं की जागा फोटोंनी किंवा गेम्सनी खाल्लेली नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरमधली एकच फाइल ६० जीबीची झालीये. मग ती फाइल कट करून डी ड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पेस्ट केली जाते. पुढच्या वेळी मशीन सुरू करायला गेलं की समोर एरर.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांपासून जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये जपून ठेवलेल्या छोट्या ऑफिसांपर्यंत अनेकांच्या वाट्याला हा प्रसंग येतो. दिलासा देणारी गोष्ट म्हणजे अशा वेळी बहुतेकदा डेटा शाबूत असतो, फक्त सॉफ्टवेअरला तो सापडत नसतो. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत, घाबरून केलेल्या क्लिक्समुळे. त्यामुळे एरर दिसला की पहिला नियम एकच: काहीही डिलीट करू नका. जुनी फाइल, नवी फाइल, स्नॅपशॉट, काहीच नाही.

मुळात ही 'डिस्क' म्हणजे काय?

व्हर्च्युअल मशीनला वाटतं की आपल्याला खरीखुरी हार्ड डिस्क मिळालीये. प्रत्यक्षात ती तुमच्या कॉम्प्युटरवरची एक मोठी फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती साधारणपणे व्हीडीआय प्रकारची असते, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स. उबुंटू किंवा विंडोज, त्यात टाकलेली सॉफ्टवेअर्स, तुमचा प्रोजेक्ट, सगळं या फाइलच्या पोटात.

पण मशीन म्हणजे फक्त ही एक फाइल नाही, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. सोबत एक छोटी सेटिंग्जची फाइल असते. मशीनला रॅम किती, नेटवर्क कुठलं, डिस्क कुठे ठेवलीये, हे तिच्यात लिहिलेलं असतं. स्नॅपशॉट घेतले असतील तर त्यांचा वेगळा फोल्डर असतो. शिवाय व्हर्च्युअलबॉक्स स्वतःकडे एक नोंदवही ठेवतं, की अमुक क्रमांकाची डिस्क अमुक पत्त्यावर आहे. तुम्ही फाइल एक्स्प्लोररमधून डिस्क हलवली, तेव्हा नोंदवहीला त्याचा पत्ताच लागला नाही. घर बदललं पण पोस्टमनला सांगितलं नाही, तशी गत.

हलवायची आहे, पण अजून हलवली नसेल तर

मग हा सगळा त्रास टाळता येईल. मशीन आधी आतून नीट शट डाउन करा. खिडकी बंद करताना 'सेव्ह स्टेट' निवडलं असेल तर मशीन बंद झालेलं नसतं, झोपलेलं असतं. त्याची रॅम एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते. अशा अवस्थेत डिस्क हलवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला दुसऱ्या घरात नेऊन ठेवणं. जाग आल्यावर काहीतरी गडबड होणारच.

मग व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य यादीत मशीनवर राइट क्लिक करून 'मूव्ह' निवडा आणि नवा फोल्डर दाखवा. नव्या आवृत्त्यांमध्ये ही सोय आहे. ती डिस्क, सेटिंग्ज आणि स्नॅपशॉट सगळं एकत्र हलवते आणि नोंदवहीही बदलते. फक्त डिस्कच हलवायची असेल तर 'व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर' उघडून तिथून ती हलवता येते. एवढ्यावर काम झालं तर लेखाचा पुढचा भाग वाचला नाही तरी चालेल.

'जागा आहे तरी कॉपी होत नाही'

एक्स्टर्नल ड्राइव्हवर २०० जीबी मोकळी, फाइल ६० जीबीची, तरी विंडोज म्हणतं की फाइल फार मोठी आहे. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ आहे. या जुन्या फाइल सिस्टिमवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामी असो. अनेक पेन ड्राइव्ह अजूनही याच फॉरमॅटमध्ये असतात.

ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फॉरमॅट दिसतो. फॅट३२ असेल तर तिच्यावरचा डेटा आधी दुसरीकडे काढा आणि एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. ड्राइव्ह फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस बरा. मॅकवरही लागणार असेल तर एक्सफॅट.

जागेचा हिशेबही नीट समजून घ्या. डिस्क 'डायनॅमिक' प्रकारची असेल तर मशीनच्या आत ती १०० जीबीची दिसते, पण बाहेर फाइल ३० जीबीचीच असते. ती गरजेप्रमाणे फुगत जाते. म्हणजे नव्या ठिकाणी ३५ जीबी मोकळी आहे म्हणून हलवलं, तर दोन महिन्यांनी तिथेही तोच प्रसंग. होस्टवरची जागा संपली की व्हर्च्युअलबॉक्स मशीन तात्पुरतं थांबवतं आणि जागा करायला सांगतं. थोडी जागा मोकळी केली की मशीन पुढे चालू लागतं. अशा वेळी खिडकी जबरदस्तीने बंद करू नका.

मशीनच्या नावापुढे 'इनअ‍ॅक्सेसिबल' दिसतंय

याचा अर्थ सेटिंग्जची फाइल जुन्या जागी सापडत नाहीये. म्हणजेच पूर्ण फोल्डर हलवला गेलाय. खरं तर हा सगळ्यांत सोपा प्रकार आहे. यादीतून ते मशीन काढून टाका. फाइल्सही डिलीट करायच्या का, असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. मग 'मशीन' मेन्यूतून 'अ‍ॅड' निवडा आणि नव्या जागी असलेली सेटिंग्जची फाइल दाखवा. तिचं एक्स्टेन्शन व्हीबॉक्स असतं.

डिस्क त्याच फोल्डरमध्ये असेल तर तिचा पत्ता फोल्डरच्या संदर्भाने लिहिलेला असतो, त्यामुळे ती आपोआप सापडते. उबुंटूची आयएसओ फाइल कधीतरी जोडून ठेवली असेल तर तिच्याबद्दल तक्रार येऊ शकते. तिची आता गरज नसते. स्टोअरेज सेटिंगमधून ती काढून टाका.

'या यूयूआयडीची हार्ड डिस्क आधीच आहे'

सगळ्यांत जास्त लोक अडकतात ते इथे. तुम्ही डिस्क नव्या जागी नेली, मशीनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती जोडायला गेलात आणि व्हर्च्युअलबॉक्स म्हणालं की ही डिस्क नोंदवता येत नाही, कारण याच यूयूआयडीची दुसरी डिस्क आधीच नोंदलेली आहे.

यूयूआयडी हा त्या डिस्कचा आधार क्रमांक समजा. तो फाइलच्या आतच लिहिलेला असतो. फाइलचं नाव बदला, जागा बदला, कॉपी करा, क्रमांक तोच राहतो. नोंदवहीत जुन्या पत्त्यावर हा क्रमांक अजून आहे, आणि तुम्ही त्याच क्रमांकाचा माणूस नव्या पत्त्यावर उभा केलाय. व्हर्च्युअलबॉक्सला तो तोतया वाटतो.

उपाय असा. व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर उघडा. जुन्या पत्त्याची डिस्क शोधा. फाइल तिथे उरलेली नसेल तर तिच्यापुढे इशाऱ्याचं चिन्ह दिसेल. आधी 'रिलीज' करा, म्हणजे ती मशीनपासून सुटी होईल. मग 'रिमूव्ह' करा. या टप्प्यावर 'फाइलसुद्धा डिलीट करायची का' असा प्रश्न आला तर उत्तर 'कीप'. हे दोनदा वाचा, कारण घाईत 'डिलीट' दाबलं गेलं आणि जुनी फाइल तुमची एकमेव चांगली कॉपी असली, तर संपलं. त्यानंतर मशीनच्या स्टोअरेज सेटिंगमध्ये जाऊन नव्या जागेवरची फाइल जोडा.

इंटरनेटवर या एररसाठी आणखी एक उपाय सर्रास सांगितला जातो: एक कमांड चालवून डिस्कचा यूयूआयडीच बदलून टाका. एकाच डिस्कच्या दोन कॉपी शेजारी शेजारी चालवायच्या असतील तर ते ठीक आहे. पण डिस्क फक्त हलवली असेल तर त्याची गरज नाही, आणि स्नॅपशॉट असतील तर हा उपाय आजारापेक्षा वाईट ठरतो. का, ते पुढे.

स्नॅपशॉट असतील तर इथे थांबा

'काहीतरी इन्स्टॉल करतोय, बिघडलं तर परत येता यावं' म्हणून आपण स्नॅपशॉट घेतो. बरेच जण स्नॅपशॉटला बॅकअप समजतात. तो बॅकअप नाही. स्नॅपशॉट घेतल्या क्षणी मूळ डिस्क गोठते. त्यानंतर मशीनमध्ये जे काही बदलतं, ते सगळं एका नव्या, वेगळ्या फाइलमध्ये लिहिलं जातं. दुसरा स्नॅपशॉट घेतला की तीही फाइल गोठते आणि तिसरी सुरू होते. अशी साखळी तयार होते.

उदाहरण घ्या. जूनमध्ये मशीन तयार केलं, जुलैमध्ये स्नॅपशॉट घेतला, आणि तेव्हापासून डिसेंबरपर्यंत प्रोजेक्टचं सगळं काम त्यात केलं. मोठी ४० जीबीची फाइल तुम्ही जपून पेन ड्राइव्हवर घेतली. तिच्यात काय आहे? फक्त जुलैपर्यंतचं जग. पुढच्या पाच महिन्यांचं काम स्नॅपशॉटच्या फोल्डरमधल्या, महिरपी कंसातल्या लांबलचक नावाच्या फाइलमध्ये आहे. ती मागेच राहिली. लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर हे कळलं तर परत येण्याची वाट फार अवघड असते.

म्हणून डिस्क हलवल्यावर मशीन सुरू झालं, पण 'अरे, हे तर जुनंच दिसतंय' असं वाटलं, तर लगेच मशीन बंद करा. त्यात काही काम करू नका, अपडेट होऊ देऊ नका. कारण साखळीतली प्रत्येक फाइल आपल्या आधीच्या फाइलच्या भरवशावर असते. मूळ डिस्कमध्ये थोडासा जरी बदल झाला, तरी तिच्यावर रचलेल्या पुढच्या फाइल्सचा ताळमेळ बिघडतो.

यूयूआयडी बदलण्याचा उपाय धोक्याचा का, हेही आता लक्षात येईल. साखळीतल्या प्रत्येक फाइलमध्ये 'माझ्या आधीची फाइल अमुक क्रमांकाची' अशी नोंद असते. मूळ डिस्कचा क्रमांक बदलला की मागची कडी जुनाच क्रमांक शोधत बसते आणि 'पॅरेंट यूयूआयडी जुळत नाही' असा एरर येतो. तोवर डेटा जागेवर असतो, पण गाठ सुटलेली असते. जुना क्रमांक नोंदवून ठेवला असेल तर तोच परत देऊन गाठ पुन्हा मारता येते.

स्नॅपशॉट असलेलं मशीन हाताने हलवून अडचणीत आला असाल, तर सरळ मार्ग म्हणजे सगळ्या फाइल्स मूळ जागी, मूळ नावांनी परत ठेवा. मशीन चालतंय ना बघा. मग 'मूव्ह'चा पर्याय वापरून हलवा. उलट्या पावलांनी जाणं कंटाळवाणं आहे, पण नोंदवहीत हाताने खाडाखोड करण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

आणखी एक सापळा. सी ड्राइव्ह भरली म्हणून जागा करायला काही जण आधी स्नॅपशॉट डिलीट करतात. वाटतं तसं तिथे फाइल नुसती पुसली जात नाही. दोन कड्या एकमेकींत मिसळल्या जातात आणि ते होईपर्यंत उलट जास्त जागा लागू शकते. शेवटचे २ जीबी उरलेल्या ड्राइव्हवर हे सुरू केलं तर मध्येच अडकण्याची भीती असते. आधी हलवा, मोकळ्या जागेत गेल्यावर मग स्नॅपशॉट काढा.

मशीन सुरू होतं, पण आतलं विंडोज नाही

काही जण जुनी डिस्क घेऊन तिच्यासाठी नवं मशीन तयार करतात. हा मार्गही चालतो, पण नव्या मशीनची सेटिंग्ज जुन्यासारखीच हवीत. काळ्या स्क्रीनवर बूट होण्यासारखं काही सापडलं नाही, असं येत असेल तर 'ईएफआय'ची खूण तपासा. जुन्या मशीनमध्ये ती असेल तर नव्यातही हवी, नसेल तर नको.

विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत असेल तर संशयित बहुधा स्टोअरेज कंट्रोलर असतो. डिस्क आधी साटा कंट्रोलरवर होती आणि आता दुसऱ्याच प्रकारावर जोडलीये, किंवा उलट. तिला जुन्या प्रकारच्या कंट्रोलरवर जोडा. विंडोज रिपेअर करायच्या मागे लागू नका, ते बिघडलेलंच नाहीये.

काल चाललं, आज नाही: एक्स्टर्नल ड्राइव्हचे नखरे

काल ड्राइव्ह ई होती. आज पेन ड्राइव्ह आधी लावली, म्हणून ती एफ झाली. व्हर्च्युअलबॉक्स मात्र ई वरच शोधतंय. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्या ड्राइव्हला शेवटचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका, उदाहरणार्थ व्ही. मग ही कटकट राहत नाही.

पेन ड्राइव्हवरून मशीन चालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ती एक मोठी फाइल नेण्या-आणण्यासाठी ठीक असते. पण व्हर्च्युअल मशीन सतत छोट्या छोट्या जागी लिहीत असतं, आणि बहुतेक पेन ड्राइव्ह त्यातच लंगड्या पडतात. बाहेरूनच चालवायचं असेल तर यूएसबी ३ वर जोडलेली एसएसडी घ्या. मशीन चालू असताना केबल हलली तर चालत्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उपटल्यासारखंच होतं.

आणि वनड्राइव्ह. व्हीएमवेअर वर्कस्टेशन विंडोजवर आपली मशीन्स डीफॉल्टने 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये ठेवतं. तोच फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये असेल तर ४० जीबीची, दर सेकंदाला बदलणारी फाइल क्लाउडवर चढवायचा प्रयत्न सुरू होतो. डेटा पॅक संपतो, काम मात्र होत नाही. मशीन्ससाठी ड्राइव्हच्या मुळाशी वेगळा फोल्डर करा.

व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि लिनक्सवाल्यांसाठी

व्हीएमवेअरमध्ये पूर्ण फोल्डर हलवून मशीन उघडलं की 'हलवलं की कॉपी केलं?' असा प्रश्न येतो. हलवलं असेल तर 'मूव्ह्ड' सांगा, म्हणजे मशीनची ओळख आणि नेटवर्कचा मॅक अ‍ॅड्रेस तसाच राहतो. 'कॉपीड' सांगितलं तर नवा मिळतो. त्यावर परवाना बांधलेलं एखादं सॉफ्टवेअर असेल तर ते रुसू शकतं. फाइल लॉक असल्याचा एरर आला तर आधी व्हीएमवेअर पूर्ण बंद आहे ना बघा. तसं असेल आणि फोल्डरमध्ये एलसीके एक्स्टेन्शनचे फोल्डर उरले असतील, तर ते दुसरीकडे सरकवून पुन्हा प्रयत्न करा.

हायपर-व्हीमध्ये फाइल हाताने हलवली की 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतो, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असूनही येतो म्हणून लोक चक्रावतात. तिथे परवानगी तुम्हाला नाही, त्या मशीनच्या स्वतंत्र ओळखीला लागते. हायपर-व्ही मॅनेजरमधल्या 'मूव्ह' विझार्डने हलवलं की ती परवानगी आपोआप लागते. लिनक्सवर केव्हीएम वापरत असाल आणि डिस्क होम फोल्डरमध्ये आणली असेल, तर तसाच एरर दिसेल. मशीन चालवणाऱ्या सिस्टिम युजरला तुमच्या होममध्ये शिरायची मुभा नसते.

लिनक्सवर कॉपी करताना फाइल अचानक फुगली, ३० ची १०० जीबी झाली, तर तीमधली रिकामी जागाही लिहिली गेलीये. आरसिंक किंवा सीपी कमांडला 'स्पार्स'चा पर्याय देऊन कॉपी पुन्हा करा.

चालू मशीनची डिस्क हलवता येते?

घरच्या लॅपटॉपवर सहसा नाही, पण सर्व्हरवर येते आणि रोज हलवली जाते. व्हीएमवेअरने ही सोय २००७ मध्ये 'स्टोअरेज व्हीमोशन' नावाने आणली. हायपर-व्हीमध्ये ती विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे. प्रॉक्समॉक्समध्येही आहे, आणि त्याकडे अलीकडे बरीच मंडळी वळली आहेत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतलं आणि कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणीची पद्धत आणली, हे त्याचं एक मोठं कारण.

आत काय होतं? मागे डिस्कची कॉपी सुरू असते आणि त्याच वेळी मशीन नवं काही लिहीत असतं. सिस्टिम एक तर ते दोन्हीकडे लिहिते, किंवा बदललेल्या भागांची यादी ठेवून ते पुन्हा कॉपी करते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मशीन क्षणात नव्या डिस्कवर सरकवलं जातं. यादी ठेवण्याच्या पद्धतीत काम ९९ टक्क्यांवर अडकून बसलं तर बहुधा मशीन कॉपीच्या वेगापेक्षा जास्त लिहीत असतं. रात्री, गर्दी नसताना पुन्हा करा.

प्रॉक्समॉक्समध्ये हलवल्यानंतरही जुन्या स्टोअरेजवर जागा मोकळी झालेली दिसत नाही, अशी तक्रार हमखास असते. 'डिलीट सोर्स'वर खूण केली नसेल तर जुनी डिस्क 'अनयूज्ड' म्हणून तिथेच राहते. ही चूक नाही, सुरक्षेचा पट्टा आहे. तसंच एलव्हीएम-थिनसारख्या स्टोअरेजवर फक्त रॉ फॉरमॅट चालतो, त्यामुळे तिथे जाताना क्यूकाउ२ फॉरमॅट निवडायला मिळत नाही.

जुनी फाइल कधी डिलीट करायची?

नवं मशीन सुरू झालं म्हणजे लगेच नाही. आधी दोन्ही फाइल्सचा आकार बाइट्सपर्यंत जुळतो का बघा. जमलं तर दोन्हींचा हॅश काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये आणि लिनक्समध्ये त्यासाठी तयार कमांड आहेत. हे मशीन नव्या जागी सुरू करण्याआधीच करा, कारण एकदा सुरू झालं की फाइल बदलते आणि तुलना निरर्थक होते. मग मशीन चालू करून सगळ्यात ताजी फाइल उघडा, काल रात्री सेव्ह केलेली. एकदा शट डाउन करून पुन्हा सुरू करा. जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा आणि मशीन तरीही चालतंय का पाहा. अजूनही ते जुन्याच डिस्कवर चालत असेल तर तिथेच पकडलं जाईल.

ही तपासणी झाल्यावर चार-आठ दिवस वापरा आणि मग जुनी कॉपी काढा. जागेची फारच निकड असेल तर निदान प्रोजेक्टचा फोल्डर मशीनमधून बाहेर काढून वेगळा ठेवा. काही एमबींचं काम असतं ते, ६० जीबींचं नाही.